पोकळीचे स्थापत्य



'पोकळ' हा शब्द आपल्या भाषेत निंदेचा आहे. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. शिवाय पोकळ डौल, पोकळ बढाई, पोकळ आश्वासने असे कितीतरी प्रयोग आपण नित्य करतो. अशा या बदनाम वस्तूवर तासभर बोलण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्यापाशी भरीव असे काही सांगण्यासारखे नसावे, अशी शंका कोणास आली तर तिला आमची हरकत नाही. परंतु उन्हाळ्याचे दिवस आहेत आणि घरोघरी माठ भरलेले आहेत. त्या माठाकडेच पाहा. माठातले पाणी गार होते ते मातीच्या अंगी असलेल्या बारीक छिद्रांमुळे. छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. घट्ट अंगाच्या तांब्याच्या हंड्याला हे साधत नाही. म्हणजे माठाचा गुण मातीइतकाच मातीत राहिलेल्या पोकळीचा आहे.

मात्र ही छिद्रे कुंभाराने एकेक मोजून पाडलेली नसतात. माती, त्यात घातलेली राख किंवा लीद, आणि भट्टीची आच यांच्यावर हवाला ठेवून ती आपोआप घडतात. कोणते लहान, कोणते मोठे, याचा नेम नसतो. आता असा पदार्थ कल्पनेत आणा की ज्यातले प्रत्येक छिद्र दुसऱ्याशी तंतोतंत जुळते आहे, ज्याची रुंदी एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकी आहे, आणि ते केवढे असावे हे करणाऱ्याने आधी कागदावर ठरविले आहे. गेल्या साडेतीन दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी असे पदार्थ हजारोंच्या संख्येने तयार केले आहेत. त्यांना 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क' किंवा थोडक्यात 'मॉफ' म्हणतात. आपण त्यांना धातु-सेंद्रिय सांगाडे म्हणू. २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना मिळाले. हवेतून पाणी काढणारी, धुरातला कर्बवायू टिपणारी जादूची भुकटी म्हणून तिची वर्णनेही आपण वाचली असतील. त्यांत खरे किती आणि अजून व्हायचे किती, हे तपासून पाहावे एवढाच आमचा हेतू आहे.

निसर्गाने हे काम माणसाच्या फार आधी केले आहे, आणि त्याचे उत्तम नमुने आपल्याच पायाखाली आहेत. महाराष्ट्राचा काळा पाषाण हा थिजलेल्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकून राहिले, पुढे त्या पोकळ्यांतून ऊन पाणी खेळले, आणि त्या पाण्यातून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक जमले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर दगडाच्या पोटात असे झुबके सापडलेले पुष्कळांनी पाहिले असतील. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले हे स्फटिक जगातल्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. त्यांतील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही खनिजे झिओलाइट नावाच्या कुळातली आहेत. १७५६ साली क्रोन्स्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीवर धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला 'उकळता दगड' या अर्थाचे हे नाव दिले. दगडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत दडलेले पाणी बाहेर पडत होते, एवढाच त्याचा अर्थ. पाणी गेले तरी दगडाचा सांगाडा उभाच राहतो आणि पुन्हा पाणी मिळाले की पिऊन घेतो. या गुणावर आज तेलशुद्धीकरणाचे मोठमोठे कारखाने चालतात आणि कपडे धुण्याच्या पावडरीतही झिओलाइट असते.

मग झिओलाइट असताना नव्या पदार्थाची गरज काय पडली? झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनिअम आणि प्राणवायू यांच्या अणूंचा असतो. घर बांधायला एकाच मापाची वीट मिळाली तर खोल्यांचे नकाशे बदलता येतात, पण काही मर्यादेपर्यंतच. भिंतीला हवी तशी खुंटी ठोकता येत नाही, खोली हवी तेवढी वाढविता येत नाही. विटेऐवजी बांबू हाती आला तर? बांधकामावरची परांची आपण पाहतो. बांबू आणि दोरीच्या गाठी, एवढेच तिचे भांडवल. गाठीत किती बांबू कोणत्या दिशांनी येतात यावर परांचीचा आकार ठरतो, आणि बांबू किती लांब यावर तिच्यातल्या खणांचे माप ठरते. धातु-सेंद्रिय सांगाड्यात धातूचे अणू किंवा त्यांचा लहानसा पुंजका ही गाठ, आणि कर्बाच्या साखळ्यांचे व कड्यांचे सेंद्रिय रेणू हे बांबू. निरिंद्रियाची बळकटी आणि सेंद्रियाची विविधता यांचा हा संसार आहे. सेंद्रिय रसायनाला लाखो रेणू ठाऊक आहेत. तेव्हा बांबूंना तोटा नाही.

ही कल्पना सुचली ती शिकविण्याच्या साहित्यातून. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रॉब्सन यांना विद्यार्थ्यांसाठी अणूंच्या प्रतिकृती करावयाच्या होत्या. लाकडी गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे बंध. गोळ्यांना भोके कोठे पाडावीत, हे त्यांनी कार्यशाळेला आखून दिले. गोळे तयार होऊन आले आणि जोडताना त्यांच्या ध्यानात आले की भोके योग्य कोनांत असली की पुढची रचना जवळजवळ आपोआप जुळते. सारा नकाशा भोकांच्या जागांतच साठविलेला आहे. मग खऱ्या अणूंनाही असेच का जोडू नये? हा विचार तब्बल दहा-बारा वर्षे त्यांच्या मनात राहिला. हिऱ्यात प्रत्येक कर्बाणू चार शेजाऱ्यांना चार दिशांनी धरून असतो. रॉब्सन यांनी चार हात पसरणारा तांब्याचा आयन घेतला आणि चार टोके असलेला एक सेंद्रिय रेणू घेतला. १९८९ साली त्यांनी व बर्नार्ड हॉस्किन्स यांनी प्रसिद्ध केलेला स्फटिक हिऱ्याच्याच घडणीचा होता, पण बंधांच्या जागी लांब दांड्या आल्यामुळे आत प्रशस्त पोकळ्या होत्या. हिरा जितका भरीव, तितकाच हा पोकळ.

परंतु या पोकळ्या रिकाम्या नव्हत्या, आणि येथेच या शास्त्राची खरी अडचण सुरू होते. स्फटिक द्रावणात वाढतो, तेव्हा त्याच्या खोल्या द्रावणानेच भरलेल्या असतात. ते द्रावण काढून घेतले की पुष्कळ सांगाडे कोसळत. स्लॅब पुरता आळण्याच्या आत खालचे सेंटरिंग काढावे, तसा प्रकार. जपानमध्ये कितागावा यांनी १९९७ साली कोबाल्ट, निकेल व जस्त यांचे असे सांगाडे केले की ते वाळविल्यावर टिकले आणि त्यांच्यात मिथेन, नत्रवायू, प्राणवायू भरता आले, काढून घेता आले. झिओलाइट असताना हा खटाटोप कशाला, असे तोपर्यंत त्यांना ऐकावे लागले होते. तरुणपणी युकावा या पदार्थवैज्ञानिकाच्या पुस्तकातून एका प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा निरुपयोगी वस्तूच्या उपयोगाचा विचार त्यांनी वाचला होता, आणि तो त्यांनी धरून ठेवला. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: हे सांगाडे दगडासारखे ताठच असले पाहिजेत असे नाही. वायू आत शिरला की फुगावे, बाहेर गेला की आकसावे, असे श्वास घेणारे सांगाडेही होऊ शकतात.

ओमर याघी यांनी १९९९ साली आपल्या सहकाऱ्यांसह 'मॉफ-५' नावाचा सांगाडा प्रसिद्ध केला. यात गाठ म्हणून एक अणू न घेता जस्ताचे चार अणू व मध्ये प्राणवायूचा एक अणू असा घट्ट पुंजका घेतला. त्यातून सहा हात निघतात: वर-खाली, उजवीकडे-डावीकडे, पुढे-मागे. दांडी आहे ती टेरेफ्थॅलिक आम्लाची. पॉलिएस्टरचे कापड आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या ज्यापासून होतात तेच हे आम्ल. सहा हातांच्या गाठी आणि सरळ दांड्या, तेव्हा चौकोनी खोल्यांची अखंड चाळ तयार झाली. तीनशे अंशांपर्यंत तापविली तरी ती उभी राहिली. एका घनसेंटिमीटरचे वजन ०.५९ ग्रॅम, म्हणजे पाण्यावर तरंगावे इतके हलके. आणि आतल्या साऱ्या भिंती उलगडून पसरल्या असता एका ग्रॅमला सुमारे २९०० चौरस मीटर क्षेत्र भरले. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर चिमूटभर भुकटीत २९ गुंठे जमीन!

यापुढचे पाऊल महत्त्वाचे. २००२ साली याघींच्या गटाने गाठ तीच ठेवून दांड्या बदलीत सोळा सांगाडे केले. चाळीचा नकाशा तोच, खोल्यांचे माप मात्र ०.३८ पासून २.८८ नॅनोमीटरपर्यंत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. काही दांड्यांवर नत्राचा किंवा ब्रोमिनचा गट खुंटीसारखा बसविलेला. ज्याला आम्ही स्थापत्य म्हणतो ते हे. याउलट दांडी तीच ठेवून गाठ बदलली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. तेच टेरेफ्थॅलिक आम्ल जस्ताऐवजी झिर्कोनियमच्या पुंजक्याला जोडले की गाठीतून सहाऐवजी बारा हात निघतात, आणि नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात २००८ साली झालेला 'यूआयओ-६६' हा फार बळकट सांगाडा मिळतो. तेच आम्ल क्रोमियमला विशिष्ट रीतीने जोडले की फ्रान्समध्ये झेरार फेरे यांच्या गटाने २००५ साली केलेला 'मिल-१०१' मिळतो. त्याच्या खोल्या २.९ आणि ३.४ नॅनोमीटरच्या, म्हणजे एकेका खोलीत वायूचे शेकडो रेणू मावावेत एवढ्या.

आता कोणी म्हणेल की मग दांडी लांब करीत जावे, म्हणजे पोकळी वाढेल आणि काम झाले. तसे होत नाही. निसर्गाला रिकामी जागा खपत नाही, या जुन्या समजुतीचा प्रत्यय येथे तीन तऱ्हांनी येतो. पहिली तऱ्हा अशी की खोली फार मोठी झाली की तिच्या पोटातून दुसरी तशीच परांची वाढू लागते. दोन जाळी एकमेकांत गुंततात; बाहेरून स्फटिक सुरेख दिसतो, आतली जागा मात्र शेजाऱ्याने बळकावलेली असते. द्रावण अधिक पातळ ठेवले तर हे पुष्कळदा टाळता येते. वर सांगितलेल्या सोळांपैकी काही सांगाडे असेच वाचविले. दुसरी तऱ्हा कोसळण्याची. खोलीतले द्रावण वाळू लागले की त्याच्या पृष्ठताणाने भिंती आत ओढल्या जातात. म्हणून आधी जड द्रावणाच्या जागी सहज उडून जाणारे द्रावण भरतात आणि मग ते हलक्या हाताने काढतात.

तिसरी तऱ्हा सर्वांत साधी आणि सर्वांत घातक. ती म्हणजे पाणी. जस्त आणि आम्ल यांची गाठ पाण्याचा रेणू हळूहळू सोडवितो. मॉफ-५ दमट हवेत ठेवला की बिघडतो. २००७ साली याघी यांच्यासह काही संशोधकांनी तो हवेचा व ओलाव्याचा स्पर्श होऊ न देता तयार केला, तेव्हा त्याचे क्षेत्र ग्रॅमला ३८०० चौरस मीटर भरले. पूर्वीचे कमी आकडे हे काही अंशी ओलाव्याने केलेल्या नासधुशीचे आकडे होते. झिर्कोनियमची गाठ पाण्यात टिकते, कारण तिची प्राणवायूवरची पकड जबर आहे आणि बारांपैकी दोन-चार हात सुटले तरी घर पडत नाही.

तरीही विक्रमांची चढाओढ चालू राहिली. २०१८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे केलेल्या 'डीयूटी-६०' या सांगाड्याचे क्षेत्र ग्रॅमला ७८३९ चौरस मीटर नोंदले गेले. दोन एकरांना जेमतेम अडीच गुंठे कमी. हा पराक्रम खराच आहे. पण ज्या कामासाठी पोकळी हवी, त्या कामाला अशी अवाढव्य पोकळी लागते काय? आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण घेऊ. धुरात मुख्यत्वे नत्रवायू असतो, थोडा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि पुष्कळ वाफ. पृथ्वीचे तापमान वाढविणारा तो कर्बवायू तेवढा वेगळा काढावयाचा आहे. रेणूंची मापे पाहिली तर कर्बवायू ०.३३, नत्रवायू ०.३६ नॅनोमीटर. नुसत्या चाळणीने हे दोघे वेगळे करणे म्हणजे जवळजवळ एकाच जाडीचे तांदूळ आणि कण्या निवडणे. मोठ्या दिवाणखान्यात तर दोघेही येतील आणि दोघेही निघून जातील. खोली अशी हवी की कर्बवायूचा रेणू तिच्यात नेमका बसावा आणि चहूबाजूंच्या भिंतींनी त्याला हळुवार धरावे. त्यातही पकड बेताची हवी. सैल असली तर वायू थांबत नाही. फार घट्ट असली तर तो सोडविण्यासाठी इतकी उष्णता खर्ची पडते की ती निर्माण करताना आणखी धूर व्हावा.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने केलेला 'कॅल्फ-२०' हा सांगाडा २०२१ साली सविस्तर प्रसिद्ध झाला. गाठ जस्ताची, दांड्या दोन, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलिक आम्ल. हे दुसरे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. अळूची पाने घशात खाजतात ती याच आम्लाच्या चुनखडी क्षाराच्या सूक्ष्म सुयांनी. कॅल्फ-२० चे क्षेत्र ग्रॅमला केवळ पाचशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे पाच गुंठे. विक्रमाच्या यादीत त्याला कोणी उभेही करणार नाही. पण त्याच्या लहान खोल्यांत कर्बवायू बरोबर बसतो, हवा बऱ्यापैकी दमट असली तरी पाण्याआधी तोच आत जागा धरतो, वाफेने धुतला तरी सांगाडा टिकतो आणि करावयास सोपा आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रिचमंड येथील एका सिमेंट कारखान्याच्या धुरावर, दिवसाला सुमारे एक टन कर्बवायू काढण्याच्या प्रमाणावर, त्याची परीक्षा झाली. पुढे बीएएसएफ या जर्मन कंपनीने वर्षाला शेकडो टन उत्पादनाची तयारी केल्याचे २०२३ साली जाहीर केले. दोन एकरांचा मालक प्रयोगशाळेत राहिला आणि पाच गुंठेवाला कारखान्यात कामाला लागला!

आता हवेतल्या पाण्याकडे वळू, कारण आपल्याकडे या बातमीने मनात आशा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. याघी यांचे बालपण जॉर्डनमधील अम्मान शहरात वीज आणि नळाचे पाणी नसलेल्या घरात गेले. पाण्याचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. कोरड्या हवेतही थोडी वाफ असते. रात्री ती सांगाड्याने पिऊन घ्यावी आणि दिवसा उन्हाने ती बाहेर काढून थंड करून पाणी करावे, अशी योजना. झिओलाइट पाणी उत्तम पितो, पण सोडताना दोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. झिर्कोनियम आणि फ्यूमॅरिक आम्ल यांच्या 'मॉफ-८०१' मध्ये पकड नेमकी साधली आहे. शेकडा २० आर्द्रतेलाही तो पाणी घेतो आणि उन्हाच्या उष्णतेने सोडतो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला आकडा होता, एका किलोमागे दिवसाला २.८ लिटर. वर्तमानपत्रांनी तो उचलला. २०१८ साली ॲरिझोनाच्या वाळवंटात केवळ ऊन आणि रात्रीचा गारवा यांवर उपकरण चालविले, तेव्हा एका किलोमागे दिवसरात्रीत मिळाले १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी. २०१९ साली ॲल्युमिनिअमच्या 'मॉफ-३०३' ने, दिवसात अनेक फेऱ्या करणाऱ्या उपकरणात, मोहावी वाळवंटात एका किलोमागे ०.७ लिटर दिले. एका वर्षात वाळवंटातले उत्पन्न सातपट झाले, ही प्रगती थोडी नव्हे. पण टँकरची वाट पाहणाऱ्या गावाच्या मापाने हिशेब करा. दहा हजार लिटरचा एक टँकर रोज भरावयाचा तर ०.७ लिटरच्या हिशेबाने १४ टनांहून अधिक मॉफ लागेल. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ करून सोडवावयास अर्ध्या युनिटाहून अधिक उष्णता लागते; तो निसर्गाचा कर आहे, कोणतेही स्थापत्य तो माफ करू शकत नाही. तेव्हा विहीर, बंधारा आणि ताल यांचे काम ही भुकटी करणार नाही. जेथे विहीर, बंधारा काहीच चालत नाही, तेथे माणसाच्या पिण्यापुरते पाणी ती देऊ शकेल. एवढेही पुष्कळ आहे. मात्र त्याहून अधिक कबूल करणे हेच पोकळ आश्वासन ठरेल.

हे काम दूरदेशीचेच आहे असे मात्र समजू नये. याघींच्या गटात झिंक व इमिडाझोल यांच्या सांगाड्यांवर काम केलेले राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि त्याच शहरातील आयसर संस्थेतही या सांगाड्यांवर संशोधन चालते. ज्या पठाराच्या दगडात निसर्गाने झिओलाइटच्या खोल्या कोरल्या, त्याच पठारावर बसून माणसे आपल्या खोल्यांचे नकाशे काढीत आहेत, याचा आपणांस आनंद वाटावा.

तात्पर्य, या विषयाकडून घेण्यासारखी गोष्ट अशी. पोकळीला मोल येते ते तिच्या आकारमानाने नव्हे. तिच्यात कोण यावा, किती घट्ट धरला जावा, केव्हा सुटावा आणि हे सारे सोसून भिंती टिकाव्या, या चार प्रश्नांची उत्तरे आधी देता आली, म्हणजे मग किती गुंठे हा प्रश्न. उद्या या पदार्थांची नवी बातमी आपल्या वाचनात येईल, तेव्हा तिला हे चार प्रश्न विचारून पाहावेत. पाण्याने बिघडतो काय, सोडवावयास किती उष्णता लागते, एका किलोमागे प्रयोगशाळेबाहेर किती मिळाले, आणि करावयास किती खर्च येतो, एवढे सांगणारी बातमी असेल तर ती भरीव समजावी.